आमची पाककृती तुमचं गोदाम ठरवतं
मोठ्या दुकानसाखळ्यांच्या खरेदी अधिकाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
खरेदी अधिकारी आणि 'हेल्दी फूड' विभागाचे प्रमुख,
सर्व मोठ्या दुकानसाखळ्या

स.न.वि.वि.

आम्ही नवरा-बायको पौष्टिक खाऊ बनवून विकतो. भाजलेले दाणे आणि बिया, ओट्सचे कुरकुरीत तुकडे, खजुरात बांधलेले बार, एवढाच पसारा. भाजणं, चव आणि यंत्रं त्याच्याकडे. हिशेब, लेबलं आणि तुमच्याशी बोलणं माझ्याकडे. म्हणून पत्र मी लिहिते आहे, सही दोघांची आहे.

तुमच्यापैकी कोणाशीही बोलणी सुरू झाली की आधी पुरवठादार नोंदणीचा अर्ज येतो. त्यात 'मालाची किमान मुदत' असा एक रकाना असतो आणि त्याच्यापुढे आकडा आधीच छापलेला असतो: नऊ महिने, नाहीतर बारा. भावावर घासाघीस चालते, सवलतीवर चालते, खोक्याच्या मापावरही चालते. या रकान्यावर चालत नाही. विचारलं तर उत्तर येतं, 'मॅडम, ते सिस्टिममध्येच आहे.'

माझं म्हणणं असं की हा आकडा थेट पाककृतीत उतरतो. तुम्ही तो गोदामाच्या आणि ट्रकच्या सोयीनं ठरवता, आणि पाकिटात काय घालायचं, काय काढायचं हे त्याच वेळी ठरून जातं. पुढे तेच पाकीट तुम्ही 'आरोग्यदायी' अशा पाटीखाली वेगळ्या फळीवर मांडता. खाऊ पौष्टिकही हवा आणि वर्षभर जसाच्या तसाही हवा, या दोन मागण्यांचं आपसात जमत नाही. त्यांचं भांडण तुमच्या कार्यालयात कोणाला ऐकू येत नाही, ते आमच्या ओव्हनपाशी येऊन मिटवावं लागतं.

तेलापासून सुरुवात करते. बियांचं पौष्टिकपण बऱ्याच अंशी त्यांच्या तेलात असतं, आणि जे तेल शरीराला जास्त हवंसं तेच हवेत लवकर बिघडतं. बदामाच्या तेलात मुख्यतः ओलेइक नावाचं मेदाम्ल असतं, ते त्या मानानं शांत. अक्रोडात आणि सूर्यफुलाच्या साध्या बियांत लिनोलेइक हे दुसरं मेदाम्ल जास्त, त्याचं ऑक्सिडीकरण, म्हणजे हवेतल्या ऑक्सिजननं बिघडणं, ओलेइकच्या दहा-बारा पट वेगानं होतं. जवसाच्या तेलात निम्म्याहून अधिक वाटा अल्फा-लिनोलेनिकचा, म्हणजे ज्याला सगळे ओमेगा-3 म्हणून ओळखतात त्याचा, आणि त्याचा वेग लिनोलेइकच्याही साधारण दुप्पट. शिवाय जवस अख्खा खाल्ला तर बराचसा न पचताच बाहेर पडतो. अंगी लागावा म्हणून भरडायचा, आणि भरडला की हवेला चारी बाजूंनी वाट मोकळी. हे ऑक्सिडीकरण स्वतःच स्वतःचा वेग वाढवत नेतं. सुरुवातीचे कित्येक आठवडे काहीच कळत नाही. नाकाला खवट वास येतो तोवर आतली साखळी बरीच पुढे गेलेली असते.

यावर उपाय नाहीत असं नाही, आणि आम्ही ते करतो. हवेत ऑक्सिजन सुमारे 21 टक्के असतो. पाकिटात नायट्रोजन भरून तो दोन-तीन टक्क्यांच्या खाली आणता येतो. धातूचा थर दिलेली फिल्म उजेड आणि हवा दोन्ही अडवते. तरीही दाण्यांच्या पोटातल्या बारीक पोकळ्यांत थोडी हवा राहतेच. आणि सगळ्यात मोठा शत्रू आमच्या हातात नसतो, तो म्हणजे तापमान. अशा बिघाडाचा वेग दर 10 अंश सेल्सिअसला ढोबळमानानं दुप्पट होतो. आम्ही 25 अंशांवर माल ठेवून सहा महिने मुदत काढली आणि तुमच्या गोदामात पत्र्याखाली 35 अंश असले, तर ती मुदत तीन महिन्यांवर येते. गोदामात किती अंश असतात हे विचारणारी मी पहिलीच बाई असावी, असं समोरच्या आवाजावरून एकदा वाटलं होतं.

आता तुमच्या बारा महिन्यांना उत्तर काय द्यायचं? जवस काढायचा. अक्रोडाच्या जागी फुलवलेलं पांढरं धान्य घालायचं. बिया चित्रात दिसण्यापुरत्या ठेवायच्या. एवढं केलं की वर्ष सहज निघतं. त्यात खाण्यासारखं काय उरलं, हे विचारणारा रकाना अर्जात नाही.

धान्याचंही तेच. कोंडा आणि अंकुर काढून टाकलेलं पीठ महिनोन्महिने टिकतं, कारण तेल आणि ते तेल फोडणारं लायपेज नावाचं विकर दोन्ही बाहेर गेलेली असतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रोलर गिरण्या आल्या तेव्हा पांढरं पीठ जगभर पसरलं. ते दिसायला स्वच्छ होतं हे एक कारण, आणि लांबच्या प्रवासात खराब होत नव्हतं हे दुसरं. तंतू, जीवनसत्त्वं, खनिजं गेली ती याच टिकाऊपणापायी. ओट्समध्ये तर लायपेज इतकं जोरात असतं की वाफ देऊन ते निकामी केल्याशिवाय ओट्स बाजारात आणताच येत नाहीत, कडू होतात. ती वाफ आम्हाला मान्य आहे. उष्णता देऊन टिकवणं वेगळं आणि धान्याचा जीवच काढून टिकवणं वेगळं.

याच हट्टाचा एक मोठा इतिहास तुमच्या-माझ्या आधी होऊन गेला आहे, तो एकदा आठवायला हवा. विल्हेल्म नॉर्मान या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं 1902 मध्ये पातळ तेलात हायड्रोजन मिसळून ते घट्ट करण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. 1911 मध्ये अमेरिकेत असं वनस्पती तूप डब्यांतून विकायला आलं. स्वस्त, घट्ट आणि लवकर खवट न होणारं. बिस्किटं, केक, तळलेला खाऊ यांचा अख्खा धंदा त्यावर उभा राहिला, कारण माल फळीवर कितीही दिवस ठेवला तरी कोणी तक्रार करत नव्हतं. अर्धवट हायड्रोजन दिलेल्या या तेलांत ट्रान्स मेद तयार होतात. ते वाईट कोलेस्टेरॉल वाढवतात आणि चांगलं कमी करतात हे 1990 मध्ये डच संशोधकांनी दाखवलं. डेन्मार्कनं 2003 मध्ये त्यांच्यावर मर्यादा घातली, अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं 2015 मध्ये ही तेलं सुरक्षित मानायचं सोडलं, आणि जागतिक आरोग्य संघटनेनं 2018 मध्ये जगभरातून ती हद्दपार करायची हाक दिली. घट्ट करण्याच्या पद्धतीपासून या हाकेपर्यंत शंभराहून जास्त वर्षं गेली. त्या सगळ्या वर्षांत प्रत्येक दुकानदाराच्या दृष्टीनं तो माल उत्तमच होता. परत येत नव्हता ना.

बारकडे वळते. तिथे खलनायक पाणी आहे. खाद्यपदार्थात नुसतं पाणी किती आहे यापेक्षा त्यातलं मोकळं, जंतूंना वापरता येईल असं पाणी किती, हे महत्त्वाचं. त्याला पाण्याची क्रियाशीलता म्हणतात. शुद्ध पाण्याची 1 धरली तर 0.6 च्या खाली जिवाणू, बुरशी, यीस्ट कोणीच वाढू शकत नाही. मऊ बार या रेषेच्या आसपास ठेवायचा, तो दगड होऊ द्यायचा नाही, आणि त्यातले ओट्स कुरकुरीतही राहायला हवेत. खजुरातलं पाणी हळूहळू ओट्सकडे सरकतं. ओट्स 0.5 च्या आसपास पोचले की कुरकुर संपते आणि चघळणं सुरू होतं. माझा नवरा या एका गोष्टीवर तासन्‌तास बोलू शकतो, पाहुण्यांसमोरसुद्धा.

या दुखण्यावर एक सोपा इलाज सगळ्यांना ठाऊक आहे: पाक वाढवा. ग्लुकोजचा पाक, तांदळाचा पाक, मध, वरून थोडं ग्लिसरीन. साखर पाण्याला धरून ठेवते, बार मऊ राहतो, बुरशी धरत नाही, आणि मुदत वाढते. म्हणून 'हेल्दी' फळीवरचे इतके बार इतके गोड असतात. त्यांच्या मालकांना गोडाची हौस असते असं नाही, गोड हाच सर्वांत स्वस्त टिकवणारा पदार्थ आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2015 च्या सूचनेप्रमाणे मुक्त साखर दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या 10 टक्क्यांच्या आत असावी, म्हणजे 2000 कॅलरींच्या आहारात साधारण 50 ग्रॅम. 5 टक्क्यांच्या आत आणली तर आणखी बरं. मध, सगळ्या प्रकारचे पाक आणि फळांच्या रसाचा आटवलेला अर्क या मुक्त साखरेत मोजले जातात. 'नैसर्गिक' या शब्दानं त्यांना सूट मिळत नाही. आम्ही अख्खा खजूर त्याच्या तंतूंसकट वापरतो. तोही गोडच आहे, खाऊन कोणी बारीक होणार नाही, आणि तसा दावा आम्ही करतही नाही. पण अख्ख्या खजुरात बांधलेला बार काही आठवड्यांनी घट्ट होऊ लागतो. चार महिन्यांनंतर आम्हाला तो स्वतःलाच आवडत नाही. म्हणून पाकिटावर चार महिने लिहितो.

तुमची बाजू मला दिसत नाही असं समजू नका. तुमच्याकडे हजारो वस्तू असतात, प्रत्येकीवर लक्ष ठेवायला माणसं नसतात. कमी मुदतीचा माल फळीवर राहिला तर फेकावा लागतो आणि त्याचा हिशेब तुमच्या वार्षिक मूल्यांकनात येतो. पण ब्रेडला तुम्ही बारा महिन्यांची अट घालत नाही. दूध, दही, चिरलेली फळं, ताजं चीज यांनाही नाही. त्यांच्यासाठी तुमच्याकडे रोजची किंवा एक दिवसाआडची फेरी आहे, मुदत संपत आली की किंमत उतरवायची पद्धत आहे, मागचं पुढे आणून मांडणारी माणसं आहेत. चार महिने टिकणारा बार ब्रेडच्या तुलनेत म्हातारा माणूस आहे. पण तो 'पॅकबंद कोरडा माल' या खात्यात जातो, म्हणून त्याची गणती बिस्किटांशी होते. अडचण क्षमतेची नाही, खात्याची आहे.

शिवाय आमची मुदत संपणं म्हणजे माल विषारी होणं नव्हे. अन्नाचे आंतरराष्ट्रीय निकष ठरवणाऱ्या कोडेक्स आयोगानं 2018 मध्ये लेबलांचा निकष सुधारताना तारखांचे दोन प्रकार नीट वेगळे केले: एक तारीख दर्जाची, तिच्या आधी पदार्थ उत्तम लागतो. दुसरी सुरक्षिततेची, तिच्यानंतर तो खाऊ नये. आमच्यासारख्या कोरड्या मालावर पहिली तारीख येते. तुमच्या संगणकाला दोन्ही सारख्याच दिसतात आणि ग्राहकालाही तुम्ही सगळ्याला 'एक्स्पायरी' म्हणायला शिकवलं आहे.

मुदतीचा आणखी एक फास आहे, तो बाहेरच्यांना ठाऊक नसतो. माल तुमच्या दारात पोचेल तेव्हा मुदतीचा दोन-तृतीयांश भाग शिल्लक हवा, असं कलम बहुतेक करारांत असतं. जपानमध्ये हा रिवाज 'एक-तृतीयांश नियम' म्हणूनच ओळखला जातो. सहा महिन्यांच्या मालाला पहिले दोन महिने दुकानात पोचायला, पुढचे दोन विकायला, शेवटचे दोन गिऱ्हाइकाच्या घरी. पहिले दोन महिने चुकले तर चांगला माल परत. त्यातून किती अन्न वाया जातं हे तिथल्या सरकारच्या आणि उद्योगाच्या लक्षात आलं, 2012 पासून दुकानात पोचवायचा काळ मुदतीच्या एक-तृतीयांशावरून निम्म्यापर्यंत वाढवण्याची खटपट सुरू झाली, आणि 2019 मध्ये अन्नाची नासाडी कमी करण्यासाठी वेगळा कायदाच झाला. आमच्या चार महिन्यांच्या बारला हे कलम लावलं, तर भाजल्यापासून चाळीस दिवसांत तो तुमच्याकडे पोचायला हवा. पोचवू की. आम्हाला ताजाच माल द्यायचा आहे. पण मग तुमची ऑर्डरही त्याच चालीनं यायला हवी. दोन महिने शांतता आणि मग एका दुपारी 'सोमवारपर्यंत सगळ्या शाखांना', हे ताज्या मालाचं गणित नाही. ते गोदामात पडून राहणाऱ्या मालाचं गणित आहे.

इथे आमच्या दोघांबद्दल थोडं लिहावं लागेल, कारण 'छोटा पुरवठादार' या शब्दात घर दिसत नाही.

जोडप्यानं चालवलेल्या धंद्यात एक धोका असा असतो की तो अंकगणितात मांडला तर शाळकरी मुलालाही कळेल. दोघं नोकरी करतात त्या घरात एकाचा पगार अडला तर दुसऱ्याच्या पगारावर महिना निघतो. आमच्याकडे दोन्ही पगार एकाच बिलातून निघतात, आणि ते बिल तुमच्या टेबलावर असतं. साठ दिवसांची उधारी नव्वदवर गेली तर आमच्या घरात कोणीच कमावतं नसतं. तोवर माल विकला गेलेला असतो, खाल्ला गेलेला असतो, गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येऊन घेऊनही गेलेलं असतं. पैसे मात्र अजून 'प्रोसेसमध्ये' असतात.

आम्ही दोघांनी सुरुवातीलाच वाटणी केली: चवीत शेवटचा शब्द त्याचा, पैशात माझा. एकत्र काम करणाऱ्या कुठल्याही जोडप्याला मी हेच सांगेन, कारण प्रत्येक गोष्ट दोघांनी मिळून ठरवायची म्हटलं की काहीच ठरत नाही आणि संसारही मध्ये येतो. जेवताना थकबाकीचा विषय काढायचा नाही, हा दुसरा नियम. तो महिन्याच्या शेवटी मोडतो. पण पहिला नियम चांगला चालला होता, तुमचा बारा महिन्यांचा रकाना येईपर्यंत. कारण तो एकाच वेळी चवीचाही प्रश्न आहे आणि पैशाचाही. मुदत वाढवलीत तर सगळ्या शाखांत माल लावू, असा निरोप तुमच्यापैकी एकाकडून आला तेव्हा नवरा म्हणाला, 'मग ते आपलं राहणार नाही.' मी म्हटलं, 'मग ओव्हनचा हप्ता कशातून जाणार?' तो बरोबर होता आणि मीही. मोठ्या कंपनीत अशा वेळी बैठक होते, मतं नोंदवली जातात, लोक आपापल्या घरी जातात. आमची बैठक भांडी घासतानाही चालू होती. शेवटी नकार कळवला, आणि तो कळवायचं काम पैशाचा शेवटचा शब्द जिच्याकडे आहे तिच्याकडेच आलं.

जाता जाता एक. यंत्रांबद्दल विचारायचं असलं की तुमची माणसं मला सांगतात, 'साहेबांना द्या.' बिलाबद्दल त्यानं फोन केला तरी त्याच्याशी नीट बोलतात. मी केला की 'साहेबांना सांगा, आम्ही बघतो.' साहेबांना बिलातलं काही कळत नाही, हे त्यांनी स्वतःच सांगून झालं आहे.

उशिरा पैसे देण्याला आळा घालणारे कायदे बऱ्याच ठिकाणी आहेत. युरोपीय संघाच्या 2019 च्या निर्देशानुसार नाशवंत शेतमाल आणि खाद्यपदार्थांचे पैसे 30 दिवसांत, बाकीच्या खाद्यपदार्थांचे 60 दिवसांत द्यायला हवेत, आणि न विकलेला माल पैसे न देता परत करणं, फळीवर जागा देण्याचे पैसे घेणं या गोष्टी आधी स्पष्ट ठरल्याशिवाय करता येत नाहीत. ब्रिटनमध्ये मोठ्या किराणा साखळ्यांवर नजर ठेवायला 2013 पासून वेगळा लवाद अधिकारी आहे. भारतात 2006 च्या कायद्यानं सूक्ष्म आणि लघु उद्योगांसाठी 45 दिवसांची कमाल मर्यादा घातली आहे. पण ज्याच्याकडून पुढची ऑर्डर हवी आहे त्याच्याविरुद्ध तक्रार कोण करतं? युरोपीय निर्देशात तक्रारदाराचं नाव गुप्त ठेवायची सोय आहे, ती चांगलीच आहे. मात्र जवस घातलेला चार महिन्यांचा बार बनवणारं दुकानात एकच जोडपं असेल तर नाव झाकून काय झाकलं जाणार?

परत आलेल्या मालाबद्दल लोकांना वाटतं की तो दुसरीकडे विकता येत असेल. मुदतीचे तीन आठवडे उरलेला, दोनदा ट्रकमधून हिंडलेला, कोपरे चेपलेला माल कोण घेणार? तो आम्ही खातो, वाटतो आणि उरलेला टाकतो. वाहतूक आमची, नायट्रोजन आमचा, फिल्म आमची. तुमच्या नोंदीत तो 'शून्य नुकसान' म्हणून लागतो.

तपासण्यांचंही असंच. शेंगदाण्यांवर अ‍ॅस्परजिलस फ्लेवस ही बुरशी वाढली तर अफ्लाटॉक्सिन तयार होतं. 1960 मध्ये इंग्लंडमध्ये हजारो टर्की पक्षी दूषित शेंगदाणा पेंडीमुळे मेले तेव्हा जगाला त्याचा शोध लागला. भाजल्यानं ते पूर्ण नाहीसं होत नाही, म्हणून कच्च्या दाण्याचा प्रत्येक लॉट आम्ही तपासून घेतो आणि तपासणीशिवाय एक दाणाही ओव्हनमध्ये जाऊ नये असं आमचं मत आहे. पण प्रयोगशाळा पैसे नमुन्याचे घेते, किलोचे नाही. त्याच कच्च्या लॉटमधून आम्ही दहा छोट्या बॅच भाजल्या आणि तुम्ही प्रत्येक बॅचचा वेगळा अहवाल, तोही तुमच्याच यादीतल्या प्रयोगशाळेचा मागितला, की ताजं भाजणाऱ्याला दंड आणि एकदाच डोंगर भाजून ठेवणाऱ्याला बक्षीस मिळतं. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा कच्च्या लॉटचा अहवाल आणि प्रत्येक बॅचवर त्या लॉटचा क्रमांक, एवढ्यात सुरक्षितता राखता येते. वर बॅचनिहाय तपासणी अधूनमधून, न सांगता करा. आमची हरकत नाही.

आणि पाकिटाच्या दर्शनी भागावर 'सुपरफूड', 'प्रतिकारशक्ती वाढवणारे' असं छापा, अशी सूचना तुमच्या जाहिरात विभागाकडून येते. नाही छापणार. पोषणाचे आकडे 20 ग्रॅमच्या 'एका वाढणी'चे न देता 100 ग्रॅमचे देऊ, म्हणजे शेजारच्या पाकिटाशी ताडून बघता येईल. त्यात आमची साखर ठळक दिसेल, दिसू दे. चिलीत 2016 पासून साखर, मीठ, संतृप्त मेद किंवा कॅलरी ठरलेल्या मर्यादेबाहेर गेल्या की पाकिटावर काळा अष्टकोन छापावा लागतो. तसं कुठेही आलं तर आमच्या मालावर तो येईल का, हे आम्ही प्रत्येक नवी चव ठरवताना बघतो.

मागणं काय आहे ते आता सरळ सांगते. कोरड्या पौष्टिक खाऊसाठी मुदतीचा आकडा आधी छापू नका. तो बनवणाऱ्यानं सांगावा, चाचणीचे कागद जोडावेत, आणि पाककृती बघून तो खरा वाटतो का हे तुमच्या अन्नतज्ज्ञानं तपासावं. आम्हाला सगळ्या शाखा नकोत. ब्रेडची फेरी जिथे आधीच जाते अशा थोड्या शाखांत, त्याच फेरीत, पंधरा दिवसांना पुरेल एवढाच माल घ्या. दर आठवड्याचा खप कळवा, तेवढ्या माहितीवर आम्ही भाजण्याचं वेळापत्रक लावू शकतो. ती तुमच्या संगणकात असतेच. माल थंड बाजूला ठेवा, पत्र्याखाली नको. मुदतीचा शेवटचा महिना लागला की किंमत उतरवून विका, त्यातला फरक आपण निम्मा-निम्मा सोसू. पण माल परत पाठवू नका. पैसे 30 दिवसांत द्या.

हे सगळं एकदम शक्य नसेल तर एका हंगामापुरतं करून बघा. खप झाला नाही तर फळी रिकामी करून देऊ आणि जागेबद्दल वाद घालणार नाही. खप झाला तर इतर छोट्या उत्पादकांसाठी हीच पद्धत खुली करा, आमच्यापुरती ठेवू नका. आमच्यासारखी बरीच जोडपी आज पाक वाढवावा की दुकान सोडावं या विचारात असणार.

नमुन्याची पाकिटं मागाल त्या दिवशी पाठवू. त्यांवर मुदतीच्या आधी भाजल्याची तारीख छापलेली असेल. उत्तर देताना एक गोष्ट मात्र पहिल्याच पत्रात लिहा: बिल मिळाल्यापासून कितव्या दिवशी पैसे जमा होतील आणि त्यासाठी फोन कोणाला करायचा. फोन मीच करेन.

कळावे,

आपले,
खाऊ बनवणारे नवरा-बायको